पंचाला घातलेला नमस्कार

मी आजवर जेवढी शिट्टी वाजवली आहे तेवढी कृष्णाकाठच्या सगळ्या कुकरांनी मिळूनही वाजवली नसेल. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालो, साठी उलटली, गुडघ्यांनी दोनदा राजीनामा पाठवला, तो मी मंजूर केला नाही. शनिवार-रविवार आला की काळी चड्डी चढवायची, खिशात पिवळं-लाल कार्ड टाकायचं आणि सांगलीहून मिळेल त्या एसटीने जिथं मुलं-मुली फुटबॉल खेळत असतील तिथं पंच म्हणून जायचं, हा माझा धंदा. पैसे म्हणाल तर मिळतात, पण बायको म्हणते त्यापेक्षा जास्त तेल गुडघ्यांना लागतं.

आमच्या सातारा-सांगली भागाची एक अडचण आहे. इथं माणूस जन्माला येतो तोच दंड थोपटत. पाळण्यात बाळ ठेवलं तर ते पाळण्याच्या दोरीला डाव लावून बघतं. अशा माणसापुढं चेंडू टाकला तर तो आधी चेंडूवाल्याला धरतो, चेंडूचं नंतर बघतो. त्यामुळे आमच्याकडचा पंच निम्मा फुटबॉलचा आणि निम्मा आखाड्याचा असावा लागतो. मी तसा आहे. तरुणपणी तालमीची माती खाल्ली आहे, अगदी अक्षरशः, कारण वस्ताद तोंडावर पाडायचे.

शिराळ्याला एकदा ऐन सामन्यात गोलच्या जाळीपाशी नाग निघाला. दुसऱ्या गावात मैदान ओस पडलं असतं. इथं गोलकीपर पोरगं हात जोडून बाजूला उभं राहिलं आणि मला म्हणालं, "सर, ह्यो आमचा बारावा धरणार का?" मी नियमाने चाललो. बदली खेळाडू न सांगता मैदानात आला म्हणून नागाला पिवळं कार्ड दाखवलं. त्याने फणा खाली घेतला आणि निघून गेला. हे कुणाला खोटं वाटत असेल तर ते कार्ड अजून माझ्यापाशी आहे. पिवळंच आहे. यापेक्षा मोठा पुरावा कुठून आणू?

असो. नाग ऐकतात, कोच ऐकत नाहीत. मधल्या काळात कोच लोकांनी फार ताप दिला. ऑफसाइड दिली की धावत आत यायचं, पंचाची कॉलर धरायची, छातीला छाती लावायची. एका कोचने तर माझी शिट्टी गळ्यातल्या दोरीसकट ओढली, तेव्हा मी बकरीसारखा त्याच्यामागे पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो होतो. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या आमच्या स्पर्धा समितीने नियम केला: कोचने पंचाला हात लावला की वर्षभर मैदानाबाहेर. का लावला, कसा लावला, विचारायचं नाही. समितीचे अध्यक्ष साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार. त्यांनी नियम वाचून दाखवला आणि म्हणाले, "सीधी बात. हात लावला, घरी गेला." त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. माझ्या टाळ्यांनी पंख्यावरची चिमणी उडाली.

आणि त्या नियमात पहिला माणूस सापडला तो माझ्याच पायाशी.

लोणंदला मुलींच्या स्पर्धेची उपांत्य फेरी होती. एका बाजूला वाईच्या शाळेच्या मुली, नवे बूट, एका रंगाच्या रिबिनी. दुसऱ्या बाजूला आटपाडीकडच्या एका वाडीच्या मुली. त्यांचा कोच म्हणजे दरवाजातून तिरका आत येणारा गडी. घरची मेंढरं, आता थोडी डाळिंबं, आणि उरलेल्या वेळात फुटबॉल. मोबाइलवर सामने बघून शिकलेला. त्याने पोरींना शिकवलं कसं, तर मेंढरांच्या कळपातून. कळप उभा करायचा, मधून चेंडू काढायचा, आणि एकही मेंढरू बिचकता कामा नये. बिचकलं तर फाऊल. त्या पोरी वाईच्या बचावफळीतून अशा निघायच्या की समोरच्या मुलीला वाटावं वारा गेला. आपण उभे आहोत आणि चेंडू मागे आहे, हे तिला घरी गेल्यावर कळत असणार.

मैदान बाजार समितीला लागून. पलीकडे कांद्याचे लिलाव, अलीकडे सामना. लिलाववाला इतका खणखणीत ओरडत होता की मी दिलेला थ्रो-इन दोनदा त्याच्या नावावर गेला. वाऱ्याने कांद्याच्या साली मैदानभर उडत होत्या. शेवटच्या मिनिटाला वाडीच्या एका पोरीने गोल केला, मी घड्याळ बघितलं, शेवटची लांब शिट्टी मारली. वाडीचा संघ अंतिम सामन्यात.

आता पुढचं नीट ऐका, कारण यावरच सगळं आहे.

तो कोच रेषेबाहेरून निघाला. धावत. सरळ माझ्याकडे. शंभर किलोचा माणूस, डोकं पुढे, खांदे उतरलेले. माझ्यापासून दोन हातांवर तो वाकला आणि त्याचा उजवा हात माझ्या पायाकडे आला. माझ्या डोक्याने काही विचार केलाच नाही. डोकं फुटबॉलचं, पण शरीर तालमीचं. शरीर म्हणालं, हा पट काढतोय, पाय ओढून पाडणार. मग त्याचा दंड माझ्या काखेत, माझी कंबर त्याच्या पोटाखाली, आणि आभाळ व जमीन यांनी जागा बदलल्या. माणूस चीतपट. धुरळा इतका उडाला की फलटणला सांजवात लावली म्हणतात.

मैदानाला फुटबॉलचा विसर पडला. लिलाव थांबला. फेटेवाले शेतकरी भिंतीवरून उड्या टाकून आले. एकजण म्हणाला, "म्हाताऱ्यात लय दम हाय गड्या." कुणीतरी पत्र्याचा डबा हलगीसारखा बडवायला घेतला. माझ्या डोक्यावर कुणाचा तरी फेटा बसला, तो अजून परत मागायला कुणी आलेलं नाही.

आणि तो कोच मातीत उताणा पडलेला, हसतोय. म्हणाला, "आवं सर, पाया पडाय आलतो."

आखाड्यात जिंकल्यावर पंचाच्या पाया पडतात. त्याच्या वडलांनी त्याला तेवढंच शिकवलं होतं. मी त्याला उठवला, पाठीवरची माती झाडली. "लेका, पाया पडायला असं धावत येतात होय?" "सावकाश आलो आस्तो तर पोरी रडाय लागल्या आस्त्या, मग मीबी." आम्ही दोघं हसलो. मला वाटलं, विषय संपला.

पण हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन. संध्याकाळपर्यंत आमचा व्हिडिओ कडेगावपासून कोरेगावपर्यंत फिरला. एकाने त्यावर पोवाडा लावला, एकाने लग्नाची सनई. आणि एकाने तो सुभेदारसाहेबांना पाठवला, खाली एकच ओळ: कोच पंचाच्या अंगावर. साहेबांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. "शुक्रवारी साताऱ्याला चौकशी. रविवारी फायनल सांगलीला. हात लागला असेल तर तो बेंचवर बसणार नाही. आणि कोच नाही तर संघ नाही, हेही नियमात आहे."

"साहेब, पण पाडला मी."

"पंचाने कोचला पाडण्याबद्दल नियमात काही नाही," ते म्हणाले. "तसं कुणाच्या मनात आलं नव्हतं."

म्हणजे माझं काही होणार नव्हतं. वाडीत दुसरा कोच नव्हता. त्या पोरींचा रविवार त्याच्या एका हातावर अडकला होता.

शुक्रवारी मी सांगलीहून निघालो, तो आटपाडीकडून आला, कऱ्हाडच्या स्टँडवर भेटलो आणि एकाच गाडीत शेजारी बसलो. आरोपी खिडकीपाशी, फिर्यादी कडेला. त्याने घरून आणलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी निम्मी माझ्या हातावर ठेवली. पुढच्या सीटवरची बाई दोनदा मागे वळून बघत होती, शेवटी म्हणालीच, "तुमी त्ये व्हिडिओतलं न्हाई का? मिटलं व्हय तुमचं?"

मी त्याला समजावत होतो. "हे बघ, तुझा हात माझ्या बुटाला लागलाच नाही. त्याच्या आधीच तू हवेत होतास. साहेबांना एवढंच सांग. मीही तेच सांगतो."

त्याने भाकरीचा घास गिळला आणि म्हणाला, "लागला हुता सर."

"अरे नाही लागला."

"लागला. नमस्कार पोचला. मी पंचाच्या पाया पडलो आन् त्यो पोचलाच न्हाई, आसं माझ्या तोंडानं म्हणू? घरी आईला सांगून बसलोय. तिनं देवापुढं साखर ठिवली."

"मग वर्षभर घरी बसशील. आणि पोरी?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. उंब्रजच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. त्यांच्याकडे बघतच म्हणाला, "पोरींसाठी खोटं बोलंन. पण ह्ये खोटं न्हाई बोलता येत. दुसरं कुठलं बी सांगा."

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या आहेत की एखादी उसनी द्यायला मला काही वाटलं नसतं. पण या माणसाला ती अंगालाच येईना.

साताऱ्याला चौकशी एका मंगल कार्यालयाच्या माडीवर होती, कारण ते अध्यक्षांच्या मेव्हण्याचं. खाली कुणाचा तरी साखरपुडा. जिलेबीचा वास वर येत होता आणि समिती वास घेत न्याय करत होती. समिती म्हणजे सुभेदारसाहेब, एक चष्मेवाल्या बाई ज्या कॉलेजात खेळ शिकवतात, आणि कोपऱ्यात एक गृहस्थ जे झोपले होते.

साहेबांनी व्हिडिओ भिंतीवर दाखवला. सावकाश. तो वाकला, हात पुढे आला, बोटं बुटाच्या जवळ आली, आणि नेमक्या त्या क्षणी लोणंदच्या कांद्याची एक साल कॅमेऱ्यापुढून उडत गेली. साल बाजूला झाली तेव्हा माणूस आडवा हवेत होता. पुन्हा लावला. पुन्हा साल. बाई उठून भिंतीजवळ गेल्या आणि सालीमागं काही दिसतंय का म्हणून वाकून बघायला लागल्या.

साहेब माझ्याकडे वळले. "लागला?"

"नाही लागला."

त्याच्याकडे वळले. "लागला?"

"व्हय साहेब. लागला."

बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या बाजूनं ते बोलतायत आणि तुम्हीच स्वतःविरुद्ध बोलताय. नीट आठवून सांगा."

"नीट आठवलं मॅडम. पोचला."

साहेब पेन ठेवून त्याच्याकडे बघत बसले. अठ्ठावीस वर्षं फौजेत त्यांनी खोटं बोलून सुटणारे बघितले असतील, खरं बोलायला जाऊन अडकणारा बहुधा पहिलाच. मग ते उठले. "करून दाखवा."

"काय?"

"जसं झालं तसं. इथं. मी खाली झोपून बघणार."

कार्यालयातल्या गाद्या आणल्या, वऱ्हाडाच्या, त्यांना अजून अत्तराचा वास होता. मी बूट घालून मधोमध उभा राहिलो. कोच जिन्याच्या दारात. सुभेदारसाहेबांनी कोट काढला, चष्मा पुसला आणि फरशीवर पालथे झाले, गाल माझ्या बुटाशेजारी, जणू काश्मीरच्या एखाद्या ठाण्यावर पलीकडची हालचाल टिपतायत. म्हणाले, "चलो."

तो धावत आला. मी उचलला, आपटला. खाली साखरपुड्यातली ताटं वाजली असणार, कारण गुरुजींचा आवाज थांबला.

"पुन्हा," साहेब म्हणाले. "या वेळी त्याने आणखी खाली वाकायचं."

पुन्हा आपटला. आता जिन्यावर पावलं वाजली. नवऱ्या मुलाचा मामा वर आला, काय पडतंय बघायला. आमच्याकडे बघून खाली जाण्याऐवजी त्याने भिंतीशी मांडी ठोकली. त्याच्यामागे आणखी पाचसात फेटे आले. एकजण कोचला म्हणाला, "पैलवान, उजवा पाय धरा, म्हाताऱ्याचा डावा पक्का हाय." दुसरा म्हणाला, "आवं, त्येला धरायचं न्हाई, पाया पडायचं हाय." "मग एवढा टाइम कशाला लागतोय?"

तिसऱ्या वेळी तो जवळजवळ रांगत आला. मीही सगळा जीव एकवटला. त्या दिवशी माझा वेग लोणंदपेक्षा अंमळ जास्त होता असं बाई नंतर म्हणाल्या. बाईंना फुटबॉलमधलं पुष्कळ कळतं, कुस्तीतलं कळत नाही. माणूस तापला की वेग वाढतोच.

साहेब फरशीवरून उठले. शर्टाच्या बाह्या झटकल्या. "बोटात आणि बुटात चार अंगुळं हवा होती," ते म्हणाले. "तिन्ही वेळा. मी हवा बघितली."

कोच गादीवर बसलेला. आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होता.

"म्हंजी लोणंदलाबी…"

"लोणंदलाही," साहेब म्हणाले. "हात पोचला नाही. कोचने स्पर्श केला नाही. पंचाने केला, त्याला नियम नाही. तुझ्यावर काही नाही. रविवारी बेंचवर बस."

भिंतीकडच्या फेट्यांनी टाळ्या वाजवल्या. जो समितीचा गृहस्थ झोपला होता तोही जागा होऊन टाळ्या वाजवायला लागला आणि शेजाऱ्याला विचारू लागला की मुलगी कुठली. पण ज्याची सुटका झाली त्याचा चेहरा वाळल्या वांग्यासारखा. त्याला वर्षाची बंदी परवडली असती, हे परवडत नव्हतं.

"साहेब, मग आता पडू का पाया?" त्याने विचारलं, आणि उठून माझ्याकडे यायलाही लागला.

"रुको," साहेब ओरडले, परेडवर ओरडतात तसे. खालची सनईसुद्धा थबकली. "हा माणूस या स्पर्धेचा पंच आहे. रविवारी ट्रॉफी दिली जाईपर्यंत पंचच राहणार. त्याच्या आधी हात लावलास तर या वेळी मी स्वतः साक्षीदार आहे."

मामांनी आम्हाला खाली ओढून नेलं आणि जेवायला बसवलं. सुभेदारसाहेब आग्रहाला बळी पडत नाहीत, पण जिलेबीला पडले. कोचच्या शेजारी नवरी मुलगी येऊन उभी राहिली, तिला त्याच्यासोबत फोटो हवा होता. तो खात होता, हसतही होता, पण मधूनच बोटं आपसात चोळायचा.

रविवारी सांगलीला ऊन असं पडलं होतं की हळदीच्या पोत्यांनी सावलीला सरकावं. अंतिम सामन्याला पंच म्हणून मिरजेकडची एक तरुण मुलगी होती, फार चांगली, शिट्टी कमी आणि डोळे जास्त. मी साधा सदरा घालून प्रेक्षकांत, पण नाव यादीत असल्यामुळे साहेबांच्या नजरेखाली. समोर साताऱ्याचा संघ, दांडगा. वाडीच्या पोरी पहिल्या अर्ध्यात एका गोलने मागे पडल्या. त्यांचा कोच बेंचवर हात पाठीमागे बांधून बसला होता. साहेबांनी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःच बांधले होते, टॉवेलने. एक पोरगी पाणी प्यायला आली तर बाटली त्याने दातांनी पुढे केली.

दुसऱ्या अर्ध्यात त्याने उभं राहून एकच हाक दिली, मेंढरांना देतात तसली, जिभेने टाळूवर काढलेली. मला तिचा अर्थ माहीत नाही. पोरींना होता. त्यांनी पळणं बंद केलं आणि सावकाश चालत चेंडू फिरवायला सुरुवात केली, दांडग्या मुलींच्या मधून, कुणाला न बिचकवता. सातारकरणी दमल्या, मग वैतागल्या, मग त्यांनी बघत राहायचं ठरवलं. एक गोल बरोबरीचा, दुसरा पुढे नेणारा. तिसरा झाला असता, पण वाडीच्या पोरीने समोर पडलेल्या गोलकीपरला उठवण्यात वेळ घालवला.

शेवटची शिट्टी वाजली. कोच उभा राहिला. त्याचं सगळं अंग पंच मुलीकडे धावायला निघालं आणि पाय मात्र रेषेवर थांबले. रेषेवर उभा राहून तो पोरींना ओरडत होता, "सावकाश पडा, सावकाश. धावत जाऊ नगा कुणी." सगळ्या पोरी ओळीने त्या मुलीच्या पाया पडल्या. ती बिचारी प्रत्येकीला वर उचलून गळ्याशी धरत होती, आणि सुभेदारसाहेब त्या वेळी मैदानाकडे पाठ करून विजेच्या खांबाची तपासणी करत होते.

ट्रॉफी दिली गेली. भाषण झालं, छोटं, कारण माइक बिघडला. मग तो माझ्याकडे वळला. टॉवेल सोडलेला. मी प्रेक्षकांच्या लोखंडी बाकावर बसलो होतो. त्याला येताना बघितलं आणि माझ्या कंबरेत ती जुनी कळ हलली. शरीर म्हणायला लागलं, आला, खांदा उतरला, घे. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली, पाय लोखंडात अडकवले आणि शेजारच्या माणसाला म्हटलं, "मला जरा धरून ठेवा." त्यालाही व्हिडिओ माहीत होता. त्याने मला मागून मिठी मारली.

तो वाकला. दोन्ही हात माझ्या पावलांवर. एरवी कुणी पाया पडलं की एक क्षण, मग उठतो. हा उठेचना. मागे पोरी त्याच्यासाठी फोटोत जागा ठेवून हाका मारतायत, सुभेदारसाहेब घड्याळ बघतायत, आणि हा तिथंच.

"अरे उठ की लेका, पोचला," मी म्हटलं.

"ऱ्हावू द्या जरा सर," तो खालूनच म्हणाला. "लोणंदचाबी ह्यातच घालतोय."